बुमराहच्या मेहनतीला फलंदाजांची साथ का मिळाली नाही? ऑस्ट्रेलिया दौऱ्याविषयी एक प्रश्न

मांजराकाठ (लातूर)
6 जानेवारी 2025

सिडनीची कसोटी काल तिसऱ्याच दिवशी संपली आणि दहा वर्षांनी बॉर्डर-गावसकर करंडक ऑस्ट्रेलियाकडे गेला. मालिका 3-1 अशी गेल्याचे दुःख आहेच, पण हरण्यापेक्षा ज्या रीतीने हरलो ती रीत मनाला अधिक लागली आहे, म्हणून हा प्रश्न जाणकारांपुढे ठेवतो आहे.

पर्थला आपण 295 धावांनी जिंकलो, तेव्हा मायदेशात न्यूझीलंडकडून 0-3 असा मार खाऊन गेलेला संघ तो हाच, यावर विश्वास बसत नव्हता. पहिल्या डावात 150 धावांत बाद होऊनही बुमराह आणि त्याच्या साथीदारांनी ऑस्ट्रेलियाला 104 धावांत गुंडाळले, मग जयस्वालने 161 धावा केल्या, कोहलीने शतक झळकावले आणि आमच्याकडे लोक मालिका जिंकल्यासारखे बोलू लागले. त्यानंतर काय झाले ते धावफलकच सांगतो. या मालिकेतील आपले सहा डाव 150, 180, 175, 155, 185 आणि 157 असे आटोपले. ब्रिस्बेनचा दुसरा डाव पावसामुळे 8 धावांवरच थांबला, तो बाजूला ठेवला तर नऊ डावांपैकी सहा डाव दोनशेच्या आत संपले. दुसरीकडे बुमराहने 13.06 च्या सरासरीने 32 बळी घेतले, दीडशेहून अधिक षटके टाकली, आणि शेवटी सिडनीत पाठ आखडल्यामुळे त्याला सामना सोडून स्कॅनसाठी जावे लागले. 162 धावांचे लक्ष्य राखायचे होते त्या डावात तो एकही चेंडू टाकू शकला नाही. एका गोलंदाजाकडून याहून अधिक काय मागायचे?

मला सर्वांत जास्त लागला तो मेलबर्नचा शेवटचा दिवस. ज्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची असते त्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी देऊन माणूस पहाटेच घरी येतो, आणि मेलबर्नचा खेळ आपल्या पहाटेच सुरू होतो. त्यामुळे आमच्या भागातील पुष्कळांनी ही मालिका झोप मोडून पाहिली आहे. 30 डिसेंबरला चहापानाच्या वेळी आपली धावसंख्या 3 बाद 112 होती, जयस्वाल आणि पंत दोघेही स्थिरावले होते. तूर कापायला आलेली मंडळी विळे खाली ठेवून बांधावर मोबाईलभोवती जमली होती आणि सामना आता अनिर्णित राहतो, असे सर्वांनी धरूनच ठेवले होते. तेवढ्यात पंतने ट्रॅव्हिस हेडचा चेंडू उंच मारला, सीमारेषेजवळ मार्शने तो टिपला आणि 3 बाद 121 वरून सर्व बाद 155 अशी वाताहत झाली. जयस्वालच्या झेलाच्या निर्णयावर वाद घालता येईल, पण बाकीच्या सहा जणांच्या बाद होण्यावर तो घालता येत नाही.

हा दोष वय झालेल्या एकदोन थोर फलंदाजांचा आहे, दौऱ्याच्या अपुऱ्या तयारीचा आहे, की चेंडू सोडून देण्याला, एक तास काढण्याला आपल्या एकूण क्रिकेटमध्येच किंमत उरलेली नाही, हे मला समजून घ्यायचे आहे. नुसत्या शिव्या घालणारे प्रतिसाद कृपया देऊ नयेत. ते दुसरीकडे भरपूर वाचायला मिळतात.

दुधनातीर (सेलू, जि. परभणी)
6 जानेवारी 2025

मांजराकाठ, तुमची तळमळ पोहोचली. माझे वय सत्तरीच्या पुढे गेले आहे, त्यामुळे परदेशी दौऱ्यांवरचे हे दुःख मी अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी ते तितकेच टोचले आहे.

1971 मध्ये वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकली, ओव्हलवर चंद्रशेखरने 38 धावांत 6 बळी घेतले, आणि साऱ्या देशाने त्या संघाला डोक्यावर घेतले. पुढे तीनच वर्षांनी त्याच कर्णधाराचा संघ लॉर्ड्सवर 42 धावांत बाद झाला, मालिका 0-3 गेली, आणि लोकांचा राग एवढा अनावर झाला की मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगडफेक झाली. त्या दौऱ्यानंतर ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत. ज्या माणसाने आपल्याला परदेशात जिंकायला शिकवले त्याच्या वाट्याला हे आले, याची खंत मला आजही वाटते. त्यामुळे शिव्या नकोत, ही तुमची विनंती मला फार योग्य वाटली.

तुमच्या मूळ प्रश्नाला मी 1981 च्या मेलबर्न कसोटीचे उत्तर देईन. तो सामना आपण जिंकला, त्याचे श्रेय सगळे कपिलदेवला देतात आणि ते योग्यच आहे, कारण मांडीच्या दुखापतीसह उतरून त्याने 28 धावांत 5 बळी घेतले आणि 143 धावांचा पाठलाग करणारी ऑस्ट्रेलिया 83 धावांत संपली. दिलीप दोशीही पायाच्या दुखापतीसह गोलंदाजी करीत होता. मात्र त्याआधी काय घडले होते हे कुणी फारसे सांगत नाही. पहिल्या डावात विश्वनाथने 114 धावा केल्या नसत्या तर आपण तिथेच संपलो असतो. त्यानंतर ऑस्ट्रेलियाने 419 धावा करून मोठी आघाडी घेतली, तेव्हा गावसकर आणि चेतन चौहान यांनी दुसऱ्या डावात 165 धावांची सलामी दिली. आम्ही फेब्रुवारीच्या पहाटे ट्रान्झिस्टरला कान लावून बसायचो आणि आवाज मधेच खरखरत नाहीसा व्हायचा. पुन्हा ऐकू आला तेव्हा दोघेही अजून खेळत आहेत एवढे कळले तरी पुरे व्हायचे. जखमी कपिलच्या हाती राखण्यासारख्या धावा कुणीतरी ठेवल्या होत्या. सिडनीत बुमराह धडधाकट असता तरी 162 धावा राखणे सोपे नव्हते.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. 2011 मध्ये इंग्लंडमध्ये 0-4 आणि त्याच हंगामात ऑस्ट्रेलियात 0-4 असे आपण परदेशात सलग आठ कसोटी सामने हरलो होतो. त्या तुलनेत आताची घसरण सौम्य आहे. पण त्या इंग्लंड दौऱ्यातही द्रविड तीन शतके करून एका टोकाला उभा होता, आणि हरताना निदान एक माणूस लढतो आहे हे दिसत होते.

बालाघाट (अंबाजोगाई, जि. बीड)
7 जानेवारी 2025

मी शाळेत खेळ शिकवतो, त्यामुळे मांजराकाठ यांच्या प्रश्नाचा तिसरा भाग, म्हणजे चेंडू सोडून देण्याला किंमत उरली आहे की नाही, हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

आधी आपल्या बीड जिल्ह्यात जन्मलेल्या संजय बांगर यांच्याविषयी. ऑगस्ट 2002 मध्ये इंग्लंडमधील हेडिंग्लेवर ढगाळ हवा होती, खेळपट्टी गोलंदाजांना साथ देणारी होती आणि गांगुलीने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. सेहवाग लवकर बाद झाला. त्यानंतर बांगर आणि द्रविड यांनी दुसऱ्या गड्यासाठी 170 धावा जोडल्या. बांगर यांच्या 68 धावा 236 चेंडूंत आल्या. द्रविडने 148, सचिनने 193 आणि गांगुलीने 128 धावा केल्या, आपण 8 बाद 628 वर डाव घोषित केला आणि एक डाव व 46 धावांनी सामना जिंकला. तीन शतके सर्वांना आठवतात. पण नवा चेंडू जुना कुणी केला, पुढच्या दोघांना कोरड्या खेळपट्टीवर थकलेल्या गोलंदाजांसमोर कुणी आणून उभे केले, हे विचारले तर उत्तर त्या 236 चेंडूंत आहे. बांगर हे काही असामान्य प्रतिभेचे फलंदाज नव्हते. रेल्वेच्या संघाकडून खेळत वर आलेला तो मेहनती माणूस होता, आणि आपला ऑफ स्टम्प, म्हणजे तीन यष्ट्यांपैकी बाहेरच्या बाजूची यष्टी, कुठे आहे हे त्याला पक्के ठाऊक होते.

हेच काम 2018-19 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पुजाराने केले. त्या मालिकेत त्याने तीन शतकांसह 521 धावा केल्या, पण धावांहून महत्त्वाचा आकडा म्हणजे त्याने खेळलेले 1258 चेंडू. पुढच्या दौऱ्यात त्याच्या धावा फक्त 271 होत्या, तरीही त्याने 928 चेंडू खेळून काढले. ब्रिस्बेनच्या शेवटच्या दिवशी अंगावर एकामागून एक चेंडू झेलत त्याने 211 चेंडूंत 56 धावा केल्या आणि मगच पंतच्या नाबाद 89 धावांना अर्थ आला. पंतची ती खेळी आपण सगळे वारंवार पाहतो, पुजाराची कुणी लावून बघत नाही. या वेळी ते काम करणारा माणूसच संघात नव्हता. जयस्वालने 391 धावा करून आपल्याकडून प्रयत्न केला, राहुलनेही केला, पण त्यांच्यानंतर येणाऱ्यांना पहिला तास काढायचाच नसावा, असे पाहताना वाटत होते.

कोहलीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. नऊ डावांत 190 धावा, त्यातल्या 100 पर्थच्या एका डावात, आणि आठही वेळा तो ऑफ स्टम्पबाहेरच्या चेंडूला बॅट लावून यष्ट्यांमागे झेल देऊन गेला. एकट्या बोलँडने त्याला चार वेळा बाद केले. गोलंदाज काय टाकणार हे त्यालाही ठाऊक होते, प्रेक्षकांनाही ठाऊक होते. जो चेंडू सोडला तर यष्टिरक्षकाच्या हातात जातो, त्याला बॅट लावण्याचा मोह का होतो? पाय पुढे टाकून चेंडूकडे जायचे हीच त्याची जन्मभराची ताकद आहे, आणि उसळी असलेल्या खेळपट्टीवर तीच त्याच्या विरोधात जाते. 2014 च्या इंग्लंड दौऱ्यात दहा डावांत 134 धावांवर अडकलेला हाच खेळाडू 2018 मध्ये 593 धावा करून आला होता, म्हणजे सुधारणा करण्याची कुवत त्याच्यात होती. या वेळी ती दिसली नाही याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण माझ्या विद्यार्थ्यांना मी वर्षानुवर्षे त्याच्याच मेहनतीचे दाखले देत आलो आहे.

आता आमच्याकडची परिस्थिती सांगतो. मराठवाड्यात मुले मोठी होतात ती टेनिस चेंडूच्या स्पर्धांवर. सहा किंवा आठ षटकांचा सामना, गावचे सरपंच किंवा एखादे पुढारी बक्षीस ठेवतात, भोंग्यावर समालोचन चालते, आणि मुलाने एक चेंडू सोडला की सीमारेषेवरून चहूबाजूंनी ओरडा सुरू होतो. तोच मुलगा माझ्याकडे मॅटिंगच्या विकेटवर लेदरच्या चेंडूने खेळायला येतो. सिमेंटवर ताणून बांधलेल्या चटईवर चेंडू छातीपर्यंत उसळतो, त्यामुळे उसळी शिकवायला ती विकेट खरे तर वाईट नाही. मी ऑफ स्टम्पच्या रेषेत चुन्याची एक पट्टी ओढतो आणि त्या पट्टीबाहेरच्या प्रत्येक चेंडूला बॅट वर उचलून धरायला सांगतो. पहिल्या आठवड्यात मुलांना ती शिक्षा वाटते. ज्या मुलाला हे जमू लागते त्याचे जिल्हा निवड चाचणीत काय होते? चाचणीत प्रत्येकाच्या वाट्याला मोजके चेंडू येतात, निवड समितीसमोर दोन षटकार मारणारा पुढे जातो आणि चेंडू सोडणारा घरी परततो. वर राष्ट्रीय पातळीवर जे दिसते त्याचे मूळ इतके खाली आहे.

याला जोड मिळाली आहे ती आपल्याच खेळपट्ट्यांची. मार्च 2023 मध्ये इंदूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्या डावात 109 धावांत बाद होऊन आपण 9 गड्यांनी हरलो. ऑक्टोबर 2024 मध्ये पुण्याला फिरकीची खेळपट्टी होती, न्यूझीलंडच्या सँटनरने 13 बळी घेतले आणि आपण 113 धावांनी हरलो. पहिल्या सत्रापासून चेंडू हातभर वळणाऱ्या खेळपट्टीवर टिकून खेळण्यात अर्थ नाही, उद्या कधीतरी बाद व्हायचेच आहे तर आज चार फटके मारून घ्यावेत, अशी फलंदाजाची वृत्ती तयार होते. ती वृत्ती घेऊन तो अॅडलेडला उतरतो.

आणि सरावाचे काय? या दौऱ्यात एकही प्रथम श्रेणी सराव सामना नव्हता. कसोटी सामना हाच सराव, असे वेळापत्रक ठरवणाऱ्यांना वाटत असेल तर त्याची किंमत पहिल्या दोन कसोटींत मोजावी लागते, आणि या वेळी तर ती पाचव्या कसोटीपर्यंत मोजावी लागली.

कयाधू (हिंगोली)
7 जानेवारी 2025

बालाघाट सरांचे विवेचन आवडले, पण सगळा दोष फलंदाजीवर टाकणे मला मान्य नाही.

मेलबर्नच्या दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलियाची अवस्था 6 बाद 91 होती. तिथून त्यांनी 234 पर्यंत मजल मारली, त्यात लायन आणि बोलँड या शेवटच्या जोडीने 61 धावा जोडल्या. बुमराहचा स्पेल संपला की दडपण संपते, हे त्यांना पहिल्या कसोटीपासून कळले होते आणि ते तेवढी षटके शांतपणे खेळून काढायचे. सिराजने 20 बळी घेतले, त्याच्या कष्टांबद्दल शंका नाही, पण तिसरा वेगवान गोलंदाज बदलत राहिला किंवा अननुभवी होता. शमी दुखापतीतून सावरलेला नव्हता. फलंदाजी खोल हवी म्हणून अष्टपैलू खेळाडूंची संख्या वाढवली, त्यामुळे चौथा पूर्ण वेळ गोलंदाज संघात बसलाच नाही. नितीश रेड्डीने मेलबर्नला आठव्या क्रमांकावर 114 धावा केल्या, मला त्याचा अभिमान वाटतो, पण गोलंदाज म्हणून बुमराहचा भार तो हलका करू शकत नव्हता.

ब्रिस्बेनला तर बुमराहला बॅटही चालवावी लागली. 9 बाद 213 वर फॉलोऑन, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला उतरण्याची नामुष्की, समोर उभा होता आणि आकाश दीपसह त्याने शेवटच्या गड्यासाठी 47 धावा जोडून तो टाळला. फॉलोऑन टळताच ड्रेसिंग रूममध्ये जो जल्लोष झाला तो मला समजू शकतो, पण मालिका जिंकायला गेलेल्या संघाने आपल्या मुख्य गोलंदाजावर हीही वेळ का आणावी?

वेरूळवाट (छत्रपती संभाजीनगर)
8 जानेवारी 2025

चर्चा तंत्रावर चालली आहे ती चालू द्यावी. मी फक्त मांजराकाठ दादांच्या शेवटच्या वाक्याविषयी आणि दुधनातीर काकांनी सांगितलेल्या दगडफेकीविषयी लिहिते, कारण तो प्रकार 1974 मध्ये संपलेला नाही.

2007 च्या विश्वचषकात बांगलादेशाकडून हरलो तेव्हा रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर लोक चालून गेले होते. 2021 मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकातील पराभवानंतर कोहलीच्या तान्ह्या मुलीविषयी समाजमाध्यमावर इतकी घाणेरडी धमकी दिली गेली की पोलिसांना अटक करावी लागली. या मालिकेत रोहित पर्थच्या कसोटीला दुसऱ्या अपत्याच्या जन्मामुळे नव्हता, त्यावरही लोकांनी तोंडसुख घेतले. बाळंतपणाच्या वेळी नवऱ्याने बायकोजवळ असावे यात टीका करण्यासारखे काय आहे? त्याच्यावर टीका करायची तर पाच डावांतील 31 धावांवर करावी, तेवढ्याला पुरेसे कारण आहे. आणि सिडनीत फॉर्म नसल्यामुळे कर्णधार असूनही तो स्वतः बाजूला झाला, हेही त्याच वेळी लिहावे.

आणखी एका दौऱ्याची आठवण करून देते. याच डिसेंबरात आपला महिला संघही ऑस्ट्रेलियात होता आणि एकदिवसीय मालिकेत 0-3 असा हरला. पर्थच्या तिसऱ्या सामन्यात स्मृती मानधनाने 105 धावा केल्या तरी उपयोग झाला नाही. त्या पराभवाची कारणे शोधणारी एकही चर्चा माझ्या पाहण्यात आली नाही. परदेशातील अपयश सलत असेल, तर ते दोन्ही संघांचे सलायला हवे, आणि सराव सामने, खेळपट्ट्या, निवड यांविषयी बालाघाट सरांनी मांडलेले प्रश्न मुलींच्या बाबतीत तर अधिकच तीव्र आहेत. आमच्या शहरात लेदरच्या चेंडूने खेळणाऱ्या मुलींना आजही मुलांचा जाळ्यातील सराव संपायची वाट पाहावी लागते.

मांजराकाठ (लातूर)
10 जानेवारी 2025

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वेरूळवाट ताई, महिला संघाचा मुद्दा अगदी रास्त आहे, त्यावर स्वतंत्र चर्चा व्हायलाच हवी.

कयाधू यांचा आक्षेप मी मान्य करतो, पण तो बालाघाट सरांच्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट त्याला दुजोराच देतो. अष्टपैलू खेळाडूंची संख्या वाढवावी लागली, कारण पहिल्या सहा फलंदाजांवर व्यवस्थापनाचा भरवसा नव्हता. वरच्या फळीने दीड दिवस खेळून काढला असता तर चौथा गोलंदाज खेळवायची हिंमत झाली असती, बुमराहला दोन डावांच्या मध्ये विश्रांती मिळाली असती आणि कदाचित त्याची पाठही टिकली असती. दर वेळी 180 धावांत डाव संपला की पुढच्याच सत्रात तोच माणूस पुन्हा बुटांची नाडी बांधून धावायला उभा. अॅडलेडला पहिल्याच दिवशी हे घडले.

आता माझा दुसरा प्रश्न. कोहलीचे वय 36, रोहितचे 37. वय हा गुन्हा नाही, पण कोहली 2012 नंतर आणि रोहित 2015 नंतर एकही रणजी सामना खेळलेला नाही, आणि सप्टेंबरात दुलीप करंडकाचे सामने झाले तेव्हाही हे दोघे त्यांत नव्हते. बांगलादेश, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया अशा ओळीने कसोटी मालिका समोर असताना त्यांना चार दिवसांच्या क्रिकेटमधून सूट कुणी दिली आणि का दिली, हे प्रेक्षक म्हणून विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे असे मी मानतो. खेळाडूला विश्रांती हवी असते हे मान्य, परंतु ज्याच्या धावा आटल्या आहेत त्याला विश्रांतीहून सामन्यांची गरज अधिक असते.

बालाघाट (अंबाजोगाई, जि. बीड)
2 फेब्रुवारी 2025

मांजराकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मधल्या काळात क्रिकेट मंडळानेच दिले. देशांतर्गत सामने खेळणे बंधनकारक करण्यात आले आणि रणजीच्या दुसऱ्या टप्प्यात जवळजवळ सगळे तारे मैदानात उतरले. काय झाले ते आपण पाहिलेच. मुंबईत रोहितने 3 आणि 28 धावा केल्या, जयस्वालने 4 आणि 26, आणि मुंबईसारखा बलाढ्य संघ जम्मू-काश्मीरकडून घरच्या मैदानावर हरला. जम्मू-काश्मीरच्या त्या मुलांचे मला फार कौतुक वाटले. एवढी नावे समोर असताना ते जराही दबले नाहीत. दिल्लीत कोहलीला पाहायला प्रचंड गर्दी लोटली आणि रेल्वेच्या हिमांशू सांगवानने 6 धावांवर त्याचा ऑफ स्टम्प उडवला. तो बाद होताच गर्दीही ओसरली. रणजीच्या सामन्याला एवढे लोक येऊ शकतात हे त्या दिवशी दिसले, पण ते खेळ पाहायला आले नव्हते.

एका सामन्याने काही सुधारत नाही. गिलने पंजाबकडून दुसऱ्या डावात 102 धावा केल्या आणि जडेजाने सौराष्ट्रासाठी दिल्लीचे 12 बळी घेतले, या जमेच्या बाजू आहेत. मात्र या वर्षी रणजी हंगामच दोन तुकड्यांत वाटला गेला आणि मध्ये वीस षटकांची व पन्नास षटकांची स्पर्धा घातली गेली, त्यामुळे लाल चेंडूची लय कुणालाच नीट सापडली नाही. पुढे आयपीएल मे महिन्याच्या अखेरपर्यंत चालेल आणि इंग्लंडविरुद्धची पहिली कसोटी 20 जूनला आहे, तीही हेडिंग्लेवर. एवढ्या अवधीत टी-ट्वेंटीची बॅट खाली ठेवून जूनमधल्या ढगाळ हवेत चेंडू सोडायला शिकायचे, हे कुणालाही अवघड आहे. ज्यांचे संघ आयपीएलच्या बाद फेरीत पोहोचणार नाहीत, त्या कसोटीपटूंना तरी मे महिन्यातच इंग्लंडला पाठवून चार दिवसांचे सामने खेळवावेत, असे मला वाटते.

आणि सलामीच्या जोडीला हात लावू नये. पर्थच्या दुसऱ्या डावात जयस्वाल आणि राहुल यांनी 201 धावांची सलामी दिली होती आणि राहुलने आपल्या 77 धावांसाठी 176 चेंडू घेतले होते. मालिकेत आपण जिंकलेला एकमेव सामना त्या भागीदारीवर उभा आहे. तरीही मेलबर्नमध्ये रोहितला वर आणण्यासाठी राहुलला तिसऱ्या क्रमांकावर ढकलले आणि गिलला संघाबाहेर बसवले. एका माणसाची सोय पाहताना तिघांची जागा हलली. इंग्लंडला कर्णधार कुणीही असो, हेडिंग्लेवर पहिला चेंडू खेळायला हीच जोडी जायला हवी.